डबेवाल्यांकडून शिका: टीमचं काम एका वेळेत कसं बांधायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत टीमच्या प्लॅनिंगबद्दल बोलले, पण दहा मिनिटांत उदाहरण पूर्ण सांगता आलं नाही. म्हणून इथे जरा निवांत लिहिते. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी एक गृहपाठ आहे.

आपल्याकडे केळझर, सेलू, वर्धा भागात बरेच व्यवसाय असे असतात की मालक एक आणि हाताखाली पाच ते दहा माणसं. मसाले, पापड, फर्निचर, फ्लेक्स प्रिंटिंग, काहीही घ्या. प्रत्येक जण आपापलं काम बरं करतो. तरी ऑर्डर लेट होते. मग मालक ओरडतो, दळणारा म्हणतो, "माझं तर कालच झालं," पॅकिंगवाली ताई म्हणते, "मला कुणी सांगितलंच नाही," आणि टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत उभा!

अशा वेळी आपण म्हणतो, लोकं कामचुकार आहेत. खरं म्हणजे माणसं आपल्या कामात चुकत नसतात. काम एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना अडकतं. म्हणून टीमचं प्लॅनिंग करायचं तर प्रत्येकाच्या कामाची यादी करून भागत नाही. कोण, कुणाला, किती वाजता, कशा अवस्थेत काम सोपवणार, हे आधी ठरवावं लागतं. आजचा मुद्दा एवढाच आहे.

मुंबईचे डबेवाले काय करतात?

हे सगळ्यात चांगलं कुणाला जमलं असेल तर मुंबईच्या डबेवाल्यांना. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. यातले बहुतेक जण मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागातले. कोविडच्या आधी साधारण ५,००० डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवायचे. २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी काढली. यातल्या बऱ्याच लोकांचं शिक्षण जेमतेम शाळेपुरतं आहे. म्हणजे ही कमाल सॉफ्टवेअरची किंवा मोठ्या डिग्रीची नाही, पद्धतीची आहे.

एका डब्याचा प्रवास बघा. सकाळी एक जण घरून डबा उचलतो आणि जवळच्या स्टेशनवर आणतो. तिथे डबे वेगळे होतात. दुसरा माणूस ते लोकलमधून नेतो. उतरायच्या स्टेशनवर पुन्हा वाटणी होते आणि तिसरा किंवा चौथा माणूस ऑफिसच्या मजल्यावर पोचवतो. दुपारी रिकामा डबा याच वाटेने उलटा परत. एवढे हात बदलूनही डबा जेवणाच्या सुट्टीच्या आत पोचतो. कसा? चार गोष्टी आहेत.

१. वेळ मालक ठरवत नाही, लोकल ठरवते. गाडी स्टेशनवर अर्धा-पाऊण मिनिट थांबते. तेवढ्यात डबे चढले पाहिजेत. म्हणून डबा घरून किती वाजता निघायला हवा हे गाडीवरून मागे मोजलेलं असतं. "लवकर आण रे" असं कुणी कुणाला म्हणत नाही. घड्याळ सगळ्यांना सारखंच आहे.

२. डब्यावर फक्त पुढच्या माणसाला लागणारी माहिती असते. ग्राहकाचं नाव, पूर्ण पत्ता काही नाही. झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे असतात. डबा कुठल्या स्टेशनवरून आला, कुठल्या भागात जायचाय, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, शेवटी कोण पोचवणार, एवढंच. बघितलं की कळलं, विचारायची गरज नाही.

३. गट लहान आणि स्वतंत्र. साधारण वीस-पंचवीस जणांचा गट, त्यावर एक मुकादम. आपल्या भागात कुणी कुठे जायचं हे गट स्वतः ठरवतो, वरून रोज ऑर्डर येत नाही. पण दुसऱ्या गटाकडे डबे सोपवायची जागा, वेळ आणि खूण मात्र कुणी मनाने बदलत नाही. शिवाय गटाची कमाई खर्च वजा जाता गटातच वाटली जाते. त्यामुळे "माझं झालं, तुझं तू बघ" असं म्हणून कुणाचाच फायदा होत नाही.

४. दोन-तीन माणसं जास्तीची. कुणी आजारी पडला, कुणाची सायकल बिघडली, तर त्याची लाइन माहीत असलेला माणूस गटात असतोच. आपल्याला हा फालतू खर्च वाटतो. त्यांच्या हिशोबात तो कामाचाच भाग आहे.

आता आपल्या व्यवसायात बघू

समजा, तुमचा हळद-तिखटाचा छोटा व्यवसाय आहे. वायगावची हळद, भिवापूरची मिरची. टीममध्ये सहा जण. नागपूरच्या दुकानदाराची ऑर्डर आली: अर्ध्या किलोची हळदीची २०० पाकिटं, शुक्रवारी सकाळी ११ वाजता दुकानात हवीत. म्हणजे १०० किलो माल.

बहुतेक जण सोमवारपासून पुढे मोजत जातात. आधी माल आणू, मग दळू, मग बघू. डबेवाल्यांसारखं शेवटापासून मागे या:

- शुक्रवार ११ वाजता नागपूर, म्हणजे गाडी ८:३० ला इथून निघाली पाहिजे.
- म्हणजे गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत खोके बांधून आणि बिल बनवून तयार.
- दोघी मिळून तासाला ४० पाकिटं भरत असतील तर २०० पाकिटांना ५ तास. जेवण आणि खोके बांधणं धरून गुरुवारी सकाळी ११ ला पॅकिंग सुरू.
- दळलेली हळद गरम असते. गरम भरली तर पाकिटात वाफ धरते. म्हणून दळण आणि चाळणी बुधवारी संध्याकाळपर्यंत संपून माल रात्रभर थंड झाला पाहिजे.
- लेबल आणि पाकिटं बुधवारीच हातात हवीत. गुरुवारी सकाळी प्रिंटरला फोन करून उपयोग नाही.
- साफसफाई मंगळवारी, खरेदी सोमवारी.

यात एक गोष्ट लक्षात आली का? दळणाऱ्या भाऊचं काम चक्की बंद केली की "झालं". पॅकिंगच्या ताईसाठी ते "झालं" नाहीच! तिला थंड झालेला, चाळलेला, वजन केलेला माल हवा. दोघंही खरं बोलतात आणि तरी ऑर्डर अडकते, कारण "झालं" या शब्दाचा अर्थ दोघांनी बसून ठरवलेला नसतो. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

सोमवारपासून करायची पाच कामं

एक. सोपवायच्या जागा मोजा. तुमच्या व्यवसायात काम किती वेळा हात बदलतं ते लिहा. वरच्या उदाहरणात खरेदी ते साफसफाई, साफसफाई ते दळण, दळण ते पॅकिंग, पॅकिंग ते डिलिव्हरी, असे चार वेळा. लक्ष या चार जागांवर ठेवा.

दोन. "झालं" म्हणजे काय ते लिहा. प्रत्येक जागेसाठी एकच ओळ. आणि ती घेणाऱ्या माणसाला विचारून लिहा. देणाऱ्याला नाही, मालकाच्या मनानेही नाही.

तीन. भिंतीवर एक फळा लावा. त्यावर चार रकाने: ऑर्डर, कुणाकडून कुणाकडे, वार आणि वेळ, झालं की बरोबरची खूण. व्हॉट्सॲप ग्रुप चालेल का? निरोपाला चालेल. पण ग्रुपवर सकाळचा मेसेज दुपारपर्यंत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली जातो. फळा सगळ्यांना येता-जाता दिसतो. पोत्याला किंवा खोक्याला रंगीत चिठ्ठी लावा: नागपूरची लाल, वर्ध्याची निळी. ज्याला वाचायला अडचण आहे त्यालाही कळलं पाहिजे.

चार. सोमवारी पंधरा मिनिटं उभ्याने बोला. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: या आठवड्यात मी कुणाला काय, कधी देणार, आणि मला कुणाकडून काय, कधी हवं. मागच्या आठवड्यात कुणाची चूक होती हा विषय तिथे काढायचाच नाही.

पाच. प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार ठेवा. जास्तीची माणसं परवडत नाहीत, मान्य. पण पॅकिंगच्या ताईला चाळणी येऊ द्या, डिलिव्हरीवाल्याला बिल बनवता येऊ द्या. महिन्यातून एक दिवस कामाची अदलाबदल करा. पोळ्याला किंवा लग्नसराईत दोघं सुट्टीवर गेले की याची किंमत कळते.

एक सावधगिरी

डबेवाल्यांची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. त्यांचं काम रोज तेच असतं, म्हणून वेळ इतकी घट्ट बांधता येते. नवीन प्रॉडक्ट काढताना, नवीन गावात माल विकताना अंदाज चुकणारच. तिथे वेळापत्रक थोडं सैल ठेवा.

दुसरं, त्यांचं सगळं गणित लोकल आणि ऑफिस या दोन गोष्टींवर उभं होतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, दोन्ही बंद झालं आणि अनेक डबेवाल्यांना गावी परतावं लागलं. पद्धत उत्तम होती, माणसं मेहनती होती, तरीही. म्हणून स्वतःला विचारा: माझा सगळा प्लॅन कुठल्या एका गोष्टीवर टांगलेला आहे? एकच चक्की? एकच टेम्पोवाला? एकच मोठा गिऱ्हाईक?

आणि बऱ्याच ठिकाणी ती एक गोष्ट म्हणजे मालक स्वतः असतो. प्रत्येक निरोप त्याच्याच फोनवरून जातो. तो दोन दिवस दवाखान्यात गेला की धंदा बंद. असा व्यवसाय सहा माणसांवरून बारावर कधी जात नाही, कारण मालकाच्या दिवसाचे तास वाढत नाहीत. निरोप माणसांनी एकमेकांना द्यायला शिकले की तुम्हाला नवीन गिऱ्हाईक शोधायला वेळ मिळतो. टीमच्या प्लॅनिंगचा खरा फायदा हाच.

गृहपाठ: तुमची मागची लेट झालेली ऑर्डर घ्या. ती कुठल्या दोन माणसांच्या मध्ये किती वेळ पडून होती ते वहीत लिहा. फक्त जागा आणि तास लिहा, दोष कुणाचा ते लिहू नका. उद्या त्या दोघांना समोरासमोर बसवून त्या एका जागेसाठी "झालं" म्हणजे काय ते ठरवा. बाकीच्या जागा पुढच्या आठवड्यात.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत काम करत राहा, हिशोब लिहीत राहा!