न

निषेध किंवा अभाव दर्शविणारे एकाक्षरी अव्यय. संस्कृतातील या अव्ययाशी नाते असलेले शब्द इंडो-यूरोपियन कुलातील बहुतेक भाषांत आढळतात. त्याचबरोबर उच्चाराने मिळतेजुळते, पण अर्थाने किंवा उगमाने वेगळे असे शब्दही जगातील भाषांत आहेत. उच्चारसाम्य आणि ऐतिहासिक नाते यांतील भेद स्पष्ट होण्याच्या दृष्टीने या शब्दाचा अभ्यास उद्‌बोधक ठरतो.

व्युत्पत्ती : मूळ इंडो-यूरोपियन भाषेत निषेधवाचक ‘ने’ हे रूप होते, असे तौलनिक भाषाशास्त्र मानते. त्या भाषेतील ऱ्हस्व ‘ए’चा संस्कृतात ‘अ’ झाला. म्हणून संस्कृत ‘न’, तर लिथुएनियन व प्राचीन स्लाव्ह भाषांत ‘ने’ आणि गॉथिकमध्ये ‘नि’. लॅटिनमधील ‘नेमो’ (कोणीही नाही) हा शब्द ‘ने’ आणि ‘होमो’ (माणूस) यांच्या संयोगाने बनला. इंग्रजीतील ‘नो’ हा प्राचीन इंग्रजीतील ‘ने’ आणि ‘आ’ (कधीही) यांपासून झाला आहे. समासाच्या आरंभी मूळ शब्दातील स्वर लोप पावे. त्या रूपापासून संस्कृत व ग्रीकमधील ‘अ’ किंवा ‘अन्’, लॅटिनमधील ‘इन्’ आणि इंग्रजीतील ‘अन्’ हे पूर्वप्रत्यय निघाले. संस्कृत ‘अमृत’ आणि ग्रीक ‘अम्ब्रोतोस’ (अमर) हे शब्द त्यामुळे सगोत्र ठरतात.

ऋग्वेदात ‘न’ हे अव्यय निषेधाखेरीज ‘प्रमाणे’ या अर्थानेही येते. लौकिक भाषेत ते केवळ निषेधार्थी, तर वेदांत दोन्ही अर्थांनी येते, असे यास्काने निरुक्तात नोंदविले आहे. निषेधार्थी ‘न’ ज्याचा निषेध करावयाचा त्याच्या आधी येतो, तर उपमार्थी ‘न’ उपमानानंतर. हा स्थानभेद लक्षात न घेतल्यास ऋचेचा अर्थ उलटा होण्याचा संभव असतो.

उच्चारसाम्य : बल्गेरियन भाषेत ‘ने’ म्हणजे ‘नाही’, तिला लागून असलेल्या आधुनिक ग्रीकमध्ये मात्र ‘ने’ म्हणजे ‘होय’. ग्रीक शब्द प्राचीन ‘नाइ’ या निश्चयार्थी अव्ययापासून आला असून निषेधासाठी ग्रीकने प्राचीन काळीच ‘ऊ’ हा वेगळा शब्द स्वीकारला होता. कोरियनमध्येही ‘ने’ म्हणजे ‘होय’. जपानीमध्ये ‘नाइ’ निषेधार्थी आहे. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ मात्र श्रोत्याची संमती अपेक्षितो. ‘येतोस ना?’ या मराठी वाक्यातील ‘ना’चे कार्य जवळजवळ हेच असले, तरी या दोन शब्दांत नाते नाही. हंगेरियनमधील निषेधार्थी ‘नेम’ व ‘ने’ हे शब्द रूप आणि अर्थ या दोन्ही बाबतींत इंडो-यूरोपियन शब्दांसारखे भासतात. परंतु ती भाषा उरल कुलातील आहे.

मराठीतील रूपे : प्राचीन मराठीत ‘न’ प्रायः क्रियापदाच्या आधी येई. ‘न सांगता’, ‘न कळत’ अशा प्रयोगांत ती रचना आजही टिकून आहे. आधुनिक मराठीत मात्र निषेधार्थी शब्द सामान्यतः क्रियापदानंतर येतो, उदा., ‘करीत नाही’, ‘करू नये’. ‘नव्हे’, ‘नये’ व ‘नसणे’ यांत ‘न’ अनुक्रमे होणे, येणे व असणे या क्रियापदांशी एकरूप झाला आहे. ‘नाही’ अस्तित्वाचा, ‘नव्हे’ तादात्म्याचा आणि ‘नको’ इच्छेचा निषेध करतो. कन्नडमध्ये याच तीन अर्थांसाठी ‘इल्ल’, ‘अल्ल’ व ‘बेड’ असे स्वतंत्र शब्द आहेत. मराठीतील या व्यवस्थेवर द्राविड भाषांच्या सान्निध्याचा प्रभाव असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. कोंकणीतही ‘ना’ क्रियापदाच्या शेवटी जोडला जातो, उदा., ‘हांव वचना’ (मी जात नाही).

एकाक्षरी शब्दांत योगायोगाने साम्य घडणे सहज शक्य असते. म्हणून त्यांचे नाते केवळ उच्चारावरून ठरविता येत नाही. अनेक शब्दांत नियमाने आढळणारे ध्वनिपरिवर्तन हाच त्याचा विश्वसनीय पुरावा होय.