महाभारतातील गदायुद्ध : कथात्म साहित्यातील न्याय्य युद्धाचा विचार

प्रस्तावना :
कथेतील युद्ध हे कल्पनेतील युद्ध असते. तेथे कोणाचेही रक्त प्रत्यक्षात सांडत नाही. मग ते युद्ध नियमाने झाले की कपटाने, याला वाचकाने महत्त्व का द्यावे? प्रस्तुत लेखात महाभारतातील भीम-दुर्योधन गदायुद्धाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. विवेचनासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीतील कथानक आधारभूत मानले आहे.

युद्धनियम आणि त्यांचा भंग :
भीष्मपर्वाच्या आरंभीच दोन्ही पक्ष युद्धाचे नियम ठरवितात. रथीने रथीशी व पदातीने पदातीशी लढावे. आव्हान दिल्यावाचून प्रहार करू नये. नि:शस्त्र, पाठमोऱ्या, भयभीत किंवा दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्या योद्ध्यास मारू नये. सारथी व शंख-भेरी वाजविणारे यांवर शस्त्र चालवू नये, असे ते नियम आहेत. पुढील अठरा दिवसांत हे नियम क्रमाने मोडले जातात. तेराव्या दिवशी एकाकी अभिमन्यूला अनेक महारथी घेरतात. चौदाव्या दिवशी सात्यकीशी लढणाऱ्या भूरिश्रव्याचा हात अर्जुन तोडतो आणि प्रायोपवेशनास बसलेल्या त्याच भूरिश्रव्याचा सात्यकी वध करतो. द्रोणवधासाठी युधिष्ठिर असत्याचा आश्रय घेतो, तेव्हा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली येतो. म्हणजेच स्वपक्षाच्या नियमभंगाचीही नोंद कथा चुकवीत नाही.

गदायुद्धाचा प्रसंग :
गदायुद्धात नाभीच्या खाली प्रहार निषिद्ध आहे. भीम अधिक बलवान असला, तरी दुर्योधन अधिक कुशल आहे. न्यायाने लढल्यास भीम जिंकणार नाही, असे कृष्ण स्पष्ट सांगतो. अर्जुन स्वत:च्या डाव्या मांडीवर थाप मारून खूण करतो आणि भीम दुर्योधनाच्या मांड्या फोडतो. भीमाच्या बाजूनेही सबळ कारण आहे. द्यूतसभेत दुर्योधनाने द्रौपदीला मांडी दाखविली, त्याच वेळी भीमाने ती फोडण्याची प्रतिज्ञा केली होती. येथे प्रतिज्ञापालन आणि युद्धनियम हे दोन धर्म परस्परांसमोर उभे राहतात.

कृष्णाने समर्थन करूनही बलरामाचे समाधान होत नाही. भीम कपटाने लढणारा म्हणूनच ओळखला जाईल, असे सांगून तो द्वारकेस निघून जातो. मरणोन्मुख दुर्योधन पांडवपक्षाच्या अधर्मांचा पाढा वाचतो, तेव्हा त्याच्यावर पुष्पवृष्टी होते आणि विजयी पांडव लज्जित होतात. ज्याचा पक्ष अन्यायाचा, त्याच्यावर फुले पडावीत, ही योजना वाचकास अस्वस्थ करते. पक्ष न्याय्य असला म्हणून प्रत्येक कृती न्याय्य ठरत नाही, हेच त्यातून सूचित होते.

नियमभंगाचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. झोपलेल्या शिबिरावर हल्ला करण्यापूर्वी अश्वत्थामा कृपाचार्यांना असेच सांगतो की, धर्माचा सेतू पांडवांनी आधीच मोडला आहे. त्या रात्री द्रौपदीचे पाचही पुत्र मारले जातात. एका पक्षाचा अपवाद दुसऱ्या पक्षाचे समर्थन बनतो.

भासाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘ऊरुभंग’ या एकांकी रूपकात हीच घटना दुर्योधनाच्या बाजूने पाहिली आहे. लहानगा दुर्जय सवयीप्रमाणे पित्याच्या मांडीवर बसू पाहतो. परंतु ती मांडी आता उरलेली नाही. नियमभंगाची किंमत येथे एका निरपराध बालकाच्या रूपाने समोर येते.

निष्कर्ष :
कथेतील युद्धात न्याय्यतेला महत्त्व आहे. परंतु ते पात्रांनी नियम पाळलेच पाहिजेत या अर्थाने नव्हे. नियम आधी सांगितलेला असल्यामुळेच वाचकास कृतीचे मोजमाप करता येते. ज्या कथेत विजेत्याचे कपट निव्वळ चातुर्य म्हणून विसरले जाते, ती कथा केवळ विजयाची वार्ता देते. महाभारत ते विसरू देत नाही. म्हणूनच त्यातील विजय वाचकास आनंदापेक्षा विचार अधिक देतो.