बेल्याहून हैदराबादला शिकायला जाताय? मग हे वाचा

आदिलाबाद जिल्ह्यातलं आमचं बेला 1956 मध्ये आंध्रात गेलं, 2014 पासून तेलंगणात आहे. घरातली बोली मात्र मराठीच. म्हणून इंटर झाल्यावर हैदराबाद गाठणाऱ्या पोरापोरींना शहराआधी भाषेची धास्ती वाटते.

डिग्रीचे बहुतेक प्रवेश ‘दोस्त’ या सरकारी पोर्टलवरून होतात. कॉलेजांचा पसंतीक्रम विचार करूनच भरा. मूळ कागदपत्रं एका फाईलमध्ये आणि झेरॉक्सचे चार संच वेगळे ठेवा.

जायला आदिलाबादहून बस आहे, रस्ता 44 नंबरचा हायवे, साधारण 300 किलोमीटर. रेल्वे किनवट, मुदखेडवरून वळसा घेते, पण सामान जास्त असेल तर तीच बरी.

पहिला महिना जेवणाचा जड जातो. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोटाला दोन्ही वेळ भात, सांबार आणि शेवटी ‘पेरुगु’, म्हणजे दही. घरचं तिखट आणि जवसाची चटणी डब्यात न्याच. भाषेचं म्हणाल, तर तेलुगूतलं ‘एंत?’ म्हणजे किती, ‘एक्कड?’ म्हणजे कुठे, ‘कोंचम’ म्हणजे थोडं. एवढ्यावर पहिला आठवडा निघतो. अडलात तर हिंदी आहेच, हैदराबादेत ती सगळीकडे चालते.

आणि मराठी तिथेही आहे! केशवराव कोरटकरांसारख्यांनी 1907 मध्ये उभी केलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था कोठी भागात आजही सुरू आहे. मराठी ग्रंथसंग्रहालयही आहे. पहिल्या मोकळ्या रविवारी तिकडची वाट विचारून ठेवा.

गावातलं कुणी यंदा निघालं असेल, तर ही पोस्ट त्यांना नक्की पाठवा.