सायलेन्सरमधली माती

मारुती इको चालवणाऱ्यांना २०२० नंतरची दोन-तीन वर्षं चांगलीच लक्षात असतील. रात्री दारात लावलेली गाडी सकाळी सुरू केली की कानठळ्या बसतील असा आवाज यायचा. टायर जागेवर, बॅटरी जागेवर, टेप जागेवर. गेलेला असायचा फक्त सायलेन्सर. पुणे, नाशिक, ठाणे अशा कितीतरी ठिकाणच्या पोलिसांनी या टोळ्या पकडल्या. इको जमिनीपासून उंच, त्यामुळे जॅक न लावताही खाली सरपटून नट-बोल्ट सोडवता येतात. काही चोर तर अख्खा सायलेन्सर नेण्याच्या भानगडीत पडत नसत. आतली ‘माती’ तेवढी काढायची आणि रिकामं नळकांडं पुन्हा बसवून द्यायचं.

या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. गाडीच्या धुराड्याला जोडलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं हे पोट. मधाच्या पोळ्यासारखी आरपार भोकं असलेली चिनी मातीच्या जातीची वीट, वजनाला किलोच्या आसपास. एका चौरस इंचात सुमारे ४०० भोकं. भोकांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा पातळ लेप आणि त्या लेपात विखुरलेले मौल्यवान धातूंचे कण. साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके ते बारीक असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल यांचा निकाल प्लॅटिनम-पॅलेडियम लावतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोडण्याचं काम मुख्यतः ऱ्होडियमकडे. एका गाडीत हे तिन्ही धातू मिळून जेमतेम काही ग्रॅम भरतात.

काही ग्रॅम म्हणजे थोडं वाटेल. पण दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत टनभर दगड फोडला तर त्यातून तीन ते सहा ग्रॅम धातू हाती लागतो. टनभर कन्व्हर्टरच्या मातीत मात्र साधारण एक ते दोन किलो असतो! भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा कन्व्हर्टर १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. शिसंयुक्त पेट्रोलने त्यातले धातू निकामी होतात, म्हणून त्याच सुमारास शिसंमुक्त पेट्रोलही आलं. पुढे २०१७ मध्ये बीएस-चार आणि २०२० मध्ये बीएस-सहा ही धुराची मानकं देशभर लागू झाली. म्हणजे रस्त्यावरून मोडीत निघणाऱ्या प्रत्येक पेट्रोल गाडीच्या पोटाखाली आता एक छोटी खाण लटकलेली असते. ती फोडायची कोणी, हा खरा प्रश्न.

एका गावापासून पाहू. कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. कोलाडच्या बाजूने मुंबई-गोवा महामार्ग जातो, त्यामुळे या भागात गाड्यांची वर्दळ आणि त्यांचं म्हातारपण दोन्ही भरपूर. अशा गावात गाडी मोडीत निघाली की तिची वाटणी ठरलेली असते. पत्रा लोखंडाच्या भावात, इंजिन बिडाच्या, रेडिएटर आणि वायरी तांबं-अ‍ॅल्युमिनियमच्या. सायलेन्सर मात्र किलोवर जात नाही, नगावर जातो. गाडी कोणती, सायलेन्सर कंपनीचा की बाजारातून बदलून बसवलेला, आतली वीट शाबूत की भुगा झालेली, एवढं बघून भाव ठरतो. मग तो हातोहात पुढे सरकतो: गावातला भंगारवाला, जिल्ह्याचा व्यापारी, कुर्ल्यासारखा बाजार. प्रत्येक हाताला आधीच्यापेक्षा थोडं जास्त ठाऊक असतं, आणि फायदाही त्याच मापाने वाढत जातो.

मग ही माती इथेच गाळता आली तर? महाराष्ट्रात गाळण्याचं कसब तर पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यावर देशभर पसरली. केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत एखादा मराठी गलाईवाला सापडतोच. जुने दागिने, तारांचे तुकडे, सोनाराच्या दुकानातली झाडलोट, सगळं त्याच्या मुशीत जातं. टाकणखार टाकला की मळी वर येते आणि सोनं तळाशी बसतं. शुद्ध करायचं तर सोन्यात तिप्पट चांदी मिसळायची, तेजाबात उकळायचं. चांदी विरघळून जाते, सोनं काळपट भुकटीच्या रूपात खाली राहतं. धुऊन पुन्हा वितळवलं की पिवळंजर्द. विरघळलेली चांदीही सुटत नाही, त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की ती करडी होऊन पट्टीवर जमते.

सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२ ला. प्लॅटिनमला १७६८ अंश सेल्सियस लागतात, ऱ्होडियमला १९६४. पण नुसत्या उष्णतेचीच अडचण असती तर इंडक्शन भट्टीने ती सोडवली असती. मेख अशी की इथे धातू मुळात गोळा झालेलाच नाही. तो विटेत कणाकणाने पसरलेला आहे, म्हणून आधी ती सबंध वीट वितळवावी लागते. विटेचं पीठ करायचं, त्यात चुना, वाळू आणि टाकणखारासारखे पदार्थ घालून तिचा रस पातळ करायचा आणि सोबत तांबं द्यायचं. दीड हजार अंशांच्या आसपास विटेची काच होते. वितळलेलं तांबं त्या काचेतून थेंबाथेंबाने खाली उतरताना वाटेतले प्लॅटिनमचे कण पोटात घेत जातं. भट्टी ओतली, थंड झाली, वरची काळी-हिरवी मळी हातोडीने फोडली की तळाला तांबूस गोळा राहतो. लहान भट्टीवाल्याची मजल इथवर जाऊ शकते. रस दाट राहिला तर थेंब मध्येच अडकतात आणि निम्मी कमाई मळीबरोबर उकिरड्यावर जाते.

गोळा हाती आला तरी त्यात काय आहे हे गोळा सांगत नाही. जपानमधल्या अकिता प्रांतातल्या कोसाका इथला कारखाना असाच तांब्याच्या वाटेने जातो. बेल्जियममधल्या होबोकेनचा कारखाना मोबाइलच्या पट्ट्यांपासून कन्व्हर्टरपर्यंत सगळंच घेतो. आपल्याकडे नवी मुंबईतली हिंदुस्थान प्लॅटिनमही वापरलेल्या उत्प्रेरकांतून धातू परत काढते. या मंडळींचं खरं बळ भट्टीत नाही, नमुना काढण्यात आहे. टनभर माल दळून, ढवळून, पुन:पुन्हा वाटे करत मूठभर नमुना असा काढायचा की त्यातलं प्रमाण सबंध ढिगाचं प्रमाण ठरेल. मग प्रयोगशाळा दहा लाखांत किती भाग ते सांगते. अष्टमीच्या भंगारवाल्याकडे वजनकाटा असतो, हा आकडा नसतो. त्यामुळे तो विकतो वीट, आणि शेवटचा खरेदीदार घेतो ऱ्होडियम.

काहीजण भट्टी सोडून आम्लाची वाट धरतात, आणि तिथे आणखी फसतात. सोनं आणि प्लॅटिनम विरघळवणाऱ्या अम्लराजाला ऱ्होडियम धातू दाद देत नाही. तिघांतला बहुतेक वेळा सगळ्यांत महाग असलेला भाऊच तळाच्या गाळात राहतो आणि फेकला जातो. वर निघणारा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड फुप्फुसं जाळतो, तर प्लॅटिनमच्या क्षारांची भुकटी वारंवार श्वासात गेली की दमा जडतो. प्लॅटिनम शुद्धीकरणातल्या कामगारांचा हा जुना, नोंदलेला आजार. उरलेलं आम्ल ओढ्यात सोडलं तर कुठे पोचेल हे रोहेकरांना सांगायला नको. प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत कुंडलिकेचं नाव येऊन गेलेलं आहे.

मोडीतून धातू काढण्याचा एक फार मोठा उद्योग सरकारनेही केला होता, आणि त्या काळाशी रोह्याचं नातं आहे. बालपणाची वर्षं रोह्यात काढलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे १९५० ते ५६ अर्थमंत्री. युद्धकाळात अमेरिकेने भारताला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली होती, ती धातूच्याच रूपात परत करायची होती. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. ही नाणी परत घेऊन त्यांतली चांदी वेगळी काढण्यासाठी कोलकात्याच्या अलीपूर टांकसाळीत शुद्धीकरण कारखाना उभा राहिला आणि १९५७ मध्ये देणं फिटलं. सरकारचं काम एका बाबतीत सोपं होतं: रुपयात चांदी किती हे कायद्यानेच ठरलेलं होतं, नमुन्याचा वाद नव्हता.

भंगारवाल्याला असा आधार नाही, वर भावाचा झोपाळा. ऱ्होडियम २०१६ मध्ये औंसाला ७०० डॉलरच्याही खाली होतं. मार्च २०२१ मध्ये ते २९ हजारांच्या घरात गेलं आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा पाच हजारांच्या आत आलं. इकोचे सायलेन्सर नेमके त्याच काळात नाहीसे होत होते, हा योगायोग म्हणवत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम आले. पुण्याच्या परिसरातही अशी केंद्रं सुरू झाली आहेत. गाडी तिथे दिली की मालकाला प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के धरावी, असं धोरण सांगतं. कन्व्हर्टरचा वेगळा हिशेब मालकाला सहसा कोणी दाखवत नाही. आपण होऊन विचारावा, एवढा तो नक्कीच मोलाचा आहे. अर्थात केंद्रालाही एकेका गाडीची वीट परवडत नाही. टनभर माल जमायला हजारेक गाड्या लागतात, आणि तो साठेपर्यंत ऱ्होडियमचा भाव कुठे जाईल याची धाकधूक त्यांच्याही मागे असतेच.