शस्त्रांच्या संग्राहकास प्रेमाची भेट

आपल्या घरांतून देण्याघेण्याचे प्रसंग थोडे नसतात. मुंजीस काय द्यावें, दिवाळसणास जांवयापुढें काय ठेवावें, डोहाळजेवणास कोणतें लुगडें न्यावें, हें सर्व रूढीनें ठरवून ठेविलें आहे. परंतु पत्नीनें पतीस केवळ प्रेमानें कांहीं द्यावयाचें म्हटलें म्हणजे रूढी मुकी होते. एकत्र कुटुंबांत तर ती भेट सर्वांच्या देखत द्यावी लागते, ही आणखी अडचण. त्यांतून पति शस्त्रांचा संग्राहक असला म्हणजे केवढा पेंच पडतो, हें आम्हीं काल्हेर येथें एका घरीं पाहिलें. तो अनुभव वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहों.

ठाण्याहून बाळकूम मागें टाकून खाडीवरील पूल ओलांडला कीं कशेळी लागते, व तिच्यापुढें काल्हेर. एके काळचें हें शेतीचें गांव आज गोदामांनीं व उंच इमारतींनीं भरून गेलें आहे. तथापि हा मुलूख तलवारीस अनोळखी नाहीं. जवळच अंजूर आहे. १७३७ ते १७३९ या वर्षांतील साष्टी-वसईच्या मोहिमेंत चिमाजी अप्पांच्या कामीं ज्यांचें साह्य आलें ते गंगाजी नाईक याच अंजूरचे.

काल्हेरच्या त्या घरांत सासूबाई, दोन मुलगे, दोन सुना व नातवंडें एकत्र राहतात. धाकट्या मुलास जुन्या तलवारी, कट्यारी व सुऱ्या जमविण्याचा नाद आहे. लग्नास दहा वर्षें पुरीं होत होतीं, म्हणून धाकट्या सूनबाईंनीं आम्हांस एकीकडे बोलावून सल्ला विचारला. विचारतां विचारतां त्यांच्या तोंडून निघून गेलें, "रविवारचा सगळा दिवस त्यांचा तेल नि फडकें घेऊन जातो. मला वाटतें, त्या तलवारींइतकीही मी त्यांच्या नजरेस पडत नाहीं. यंदां असें कांहीं द्यावें कीं, त्यांना कळावें, मीही पाहतें आहें." प्रश्न भेटीचा होता खरा, पण त्याच्या पोटांत दुसराच प्रश्न होता.

त्यांच्या मनांत बाजारांतून एक झगझगीत तलवार आणावयाची होती. आम्हीं त्यांस तत्काळ थांबविलें. हा उपदेश आम्ही स्वानुभवावरून करतों. पूर्वीं एका स्नेह्यास आम्हीं अशीच पितळी मुठीची नवी तलवार मोठ्या हौसेनें दिली होती. त्यानें आभार मानले, आणि ती कपाटामागें उभी करून ठेविली ती कायमची. संग्राहकास वस्तूची चकाकी नको असते, तिचें कुळ हवें असतें. आपल्याकडील "फिरंग" पाहावी. पातें युरोपांतून आलेलें, मूठ इकडे चढविलेली. जर्मनींतील पात्यांस आपले लोक "आलेमान" म्हणत. २०२५ सालीं महाराष्ट्र शासनानें लंडनच्या लिलावांतून नागपूरकर रघूजी भोसल्यांची जी तलवार परत मिळविली, तिचेंही पातें युरोपीय घडणीचेंच आहे. अशी कथा ज्या पात्याच्या मागें नाहीं, तें संग्राहकास केवळ लोखंड वाटतें. शिवाय जुनी म्हणून विकावयास आलेली वस्तु मुद्दाम गंज चढवून जुनी केलेली नाहीं, हें आपल्यासारख्यांस ओळखतां येत नाहीं.

कायद्याचीही बाजू आहे. १९५९ चा शस्त्रांचा कायदा व २०१६ चे नियम यांप्रमाणें तलवारी, खंजीर, तसेंच नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामाकरितां बनविलेले चाकू मात्र यांतून वगळले आहेत. सरकारनें जेथें तशी अधिसूचना काढली असेल, तेथें या शस्त्रांस परवाना लागतो. म्हणून विकत घेण्यापूर्वीं पोलिसांकडे चौकशी करणें बरें. शंभर वर्षांहून जुनी वस्तु १९७२ च्या कायद्यान्वयें पुरावस्तु ठरते. तिच्या व्यापारास परवाना लागतो, व खाजगी माणसास ती परदेशीं पाठवितां येत नाहीं.

इतकें बोलणें होतें न होतें तोंच सासूबाई आंत आल्या. त्यांची हरकत निराळीच होती. "अग, धारेची वस्तु कधीं भेट देतात का? प्रेम तुटतें. सुरीसुद्धां आपण हातांत देत नाहीं, खालीं ठेवतों." ही समजूत आपल्यापुरतीच नाहीं. युरोपांतही चाकू भेट आला तर घेणारा देणाऱ्यास एक नाणें देतो. म्हणजे ती भेट न राहतां खरेदी होते, आणि स्नेह शाबूत राहतो. उलट त्याच सासूबाई खंडेनवमीस मुलाच्या तलवारींस गंध-फूल वाहतात, आणि कांहीं मराठा घराण्यांत नवरदेव हातांत कट्यार घेऊन, तिच्या टोकाला लिंबू टोचून, बोहल्याकडे निघतो. धार अशुभ आहे असें आपला धर्म म्हणत नाहीं. ती कोणत्या भावानें हातीं येते, एवढेंच तो पाहतो.

मग द्यावें काय? आम्हीं सूनबाईंस तीन गोष्टी सुचविल्या.

पहिली, निगेचें साहित्य. काल्हेरची हवा खाडीची, दमट. पात्यास बोट लागलें तरी घामांतील क्षारानें तेथें गंज धरतो. म्हणून सुती हातमोजे, मऊ स्वच्छ कापड व पातळ तेल हवें. जपानांत या कामीं लवंगेच्या वासाचें तेल वापरण्याची रीत आहे. चामड्याच्या म्यानांत पातें दीर्घकाळ ठेवूं नये, कारण चामडें ओल धरतें. आणि जुन्या पोलादावरील लाटांसारखी नक्षी किंवा मुठीवरील सोन्याची कोफ्तगरी घासून कधींही उजळूं नये. त्यांत त्या वस्तूचें सारें मोलच निघून जातें.

दुसरी, एक नोंदवही. प्रत्येक शस्त्राची लांबी, वजन, तें कोठून व केव्हां मिळालें, त्यावरील खुणा, हें सर्व पत्नीनें स्वतःच्या अक्षरांत लिहावें. लिहावयाचें तर विचारावें लागतें, आणि विचारलें कीं रविवार एकट्याचा राहत नाहीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचें उदाहरण येथें आठवतें. "अज्ञातवासी" या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं वीस हजारांहून अधिक वस्तु जमविल्या, आणि त्या खटाटोपांत पत्नी कमलाबाईंची साथ त्यांस लाभली. संग्रहास नांव मिळालें तें बालपणींच वारलेल्या राजा या त्यांच्या मुलाचें. एका घराचें दुःख व प्रेम त्या वस्तूंत कसें सांठलें आहे, हें त्या दालनांतून हिंडतांना कळतें.

तिसरी गोष्ट त्याच संग्रहालयावरून सुचली. तेथील अडकित्ते प्रसिद्ध आहेत. अडकित्ताही धारेचाच, पण त्याची धार विड्यासाठीं. लग्नांत वधूवरांनीं एकमेकांच्या दातांतील विडा तोडावयाचा, त्या विड्याची सुपारी याच पात्याखालून जाते. शस्त्रसंग्राहकाच्या पत्नीनें द्यावयाचें एकच पातें असेल तर तें हें, असें आम्हीं म्हटलें.

सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या उठल्या, आपली जुनी ट्रंक उघडली, आणि लुगड्यांच्या घड्यांखालून एक पितळी अडकित्ता काढून सुनेच्या पुढ्यांत ठेविला; हातांत दिला नाहीं. तो त्यांच्या यजमानांचा होता. ते गेल्यापासून घरांत कोणीं त्यानें सुपारी कातरली नव्हती.

वाढदिवसाच्या रात्रीं आम्ही तेथें नव्हतों. मागाहून मोठ्या सुनेकडून कळलें तें असें. जेवणें झाल्यावर धाकटीनें सर्वांसमक्ष विडा लावला, आणि अडकित्ता व कोरी नोंदवही पतीपुढें ठेविली. सासूबाईंनीं मुलाकडून एक रुपया मागून सुनेला देवविला, तेव्हां सारीं हंसलीं. मुलगा मात्र वडिलांचा अडकित्ता हातांत धरून बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें वहीचें पहिलें पान उघडून सूनबाईंपुढें केलें व म्हणाला, "प्रथम हाच लिही."

वहींत आज सोळा नोंदी झाल्या आहेत. सर्व अक्षर सूनबाईंचें आहे.