शक्तिप्रेषण, नौका व विमान यांतील

एंजिनाच्या दंडावर मिळणारी शक्ती प्रचालकापर्यंत (पाणी वा हवा मागे लोटणाऱ्या मळसूत्री पंख्यापर्यंत) पोहोचविण्याची योजना. मोटारगाडीच्या चालकाला दंतचक्रांचे गुणोत्तर वारंवार बदलावे लागते. नौका व विमान यांत अशी बदलत्या गुणोत्तराची दंतचक्र पेटी सामान्यतः नसते. यावरून या वाहनांत दंतचक्रेच नसतात असा समज झालेला आढळतो, तो बरोबर नाही. दंतचक्रे पुष्कळदा असतात. त्यांचे गुणोत्तर मात्र कायम असते.

मोटारगाडीचे चाक रस्त्याला घट्ट धरून असल्यामुळे चाकाचे फेरे व गाडीचा वेग यांचे प्रमाण ठरलेले असते. अंतर्ज्वलन एंजिन काही शे फेऱ्यांखाली चालूच शकत नाही आणि कमी फेऱ्यांना त्याची शक्तीही अल्प असते. उलट खंबाटकी घाट चढणाऱ्या भरलेल्या मालमोटारीचे वजन चढावर ओढण्यास लागणारी प्रेरणा वेग कमी केल्याने कमी होत नाही. एंजिनाचे फेरे टिकवून चाकाला मंद गती पण अधिक जोर देण्याचे काम दंतचक्र पेटीच करते.

प्रचालकाची गोष्ट निराळी आहे. त्याला घट्ट आधार नसतो. पाणी किंवा हवा त्याच्या पात्यांना सरकू देते. त्याला फिरविण्यास लागणारे पीडन परिबल (दंडावरील पिळाची प्रेरणा) स्थूलमानाने फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे निम्मे केले की परिबल एक-चतुर्थांश व शक्ती एक-अष्टमांश पुरते. त्यामुळे मंद गतीला एंजिनावर भार जवळजवळ नसतोच व वाहन जागच्या जागी असतानाही ते बंद पडत नाही. मोटारगाडीत क्लच जे साधतो, ते येथे माध्यमाच्या या गुणामुळेच बहुतांशी साधते.

मग कायम गुणोत्तराची दंतचक्रे तरी का लागतात? एंजिन लहान व हलके राखावयाचे तर ते जलद फिरले पाहिजे. प्रचालक मात्र मोठा व संथ असेल तर अधिक कार्यक्षम ठरतो. शिवाय पात्याच्या टोकाचा वेग ध्वनिवेगाच्या फार जवळ जाऊन चालत नाही. सेस्ना १७२पी या लहान विमानात १६० अश्वशक्तीचे एंजिन मिनिटाला २,७०० फेरे करते व सु. १·९ मी. व्यासाचा प्रचालक थेट भुजादंडावर बसविलेला असतो. टोकाचा वेग सेकंदाला सु. २७० मी. होतो (ध्वनिवेग सु. ३४० मी.), म्हणून थेट जोडणी चालते. स्पिटफायर विमानाचे मर्लिन एंजिन ३,००० फेरे करीत असे. तेथे दंतचक्रांनी प्रचालकाचे फेरे निम्म्याहून कमी केलेले होते. राइट बंधूंनीही १९०३ च्या विमानात साखळी व दंतचक्रे वापरून फेरे सुमारे एक-तृतीयांशावर आणले होते.

जहाजांत हा धडा बाष्प टरबाइनाने शिकविला. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ (१८९४) या नौकेत टरबाइन प्रचालकाला थेट जोडलेले होते. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांमागे पाण्यात बाष्पाच्या पोकळ्या होऊन ओढ घटे. अखेर तीन दंडांवर नऊ प्रचालक बसवावे लागले. पार्सन्स यांनी पुढे ‘व्हेस्पेशियन’ या मालवाहू जहाजावर १९०९-१० मध्ये दंतचक्रांनी फेरे कमी करून टरबाइनाची काटकसर सिद्ध केली. आजच्या प्रचंड मालवाहू जहाजांतील द्विधाव डीझेल एंजिन मुळातच इतके मंद असते की दंतचक्रे लागत नाहीत. २००६ सालच्या ‘एमा मर्स्क’ या जहाजाचे एंजिन मिनिटाला केवळ १०२ फेरे करते. अशा जहाजाला मागे न्यावयाचे तर एंजिनच थांबवून उलट दिशेने सुरू करतात. लहान मच्छीमारी नौकांत मात्र फेरे कमी करणारी व दिशा उलटविणारी दंतचक्रे एकाच पेटीत असतात.

तरीही एका प्रचालकाला सर्व परिस्थिती सारखी मानवत नाही. जाळे ओढणारी नौका व मोकळी धावणारी नौका यांचा भार भिन्न असतो. एकीला जुळणारा प्रचालक दुसरीला जुळत नाही. यावर उपाय म्हणजे पात्यांचा कोन बदलणे, आणि विमानात दंतचक्र पेटीची जागा खऱ्या अर्थाने यानेच घेतली आहे. उड्डाणाच्या वेळी कोन लहान ठेवल्यास एंजिन पूर्ण फेरे घेऊ शकते. वेग वाढल्यावर कोन मोठा करतात. आरंभीच्या स्पिटफायर विमानांचा लाकडी प्रचालक स्थिर कोनाचा असल्याने धावपट्टीवर फार लांब धावावे लागे. १९४० च्या उन्हाळ्यात त्यांवर कोन आपोआप बदलून फेरे स्थिर ठेवणारे प्रचालक घाईने बसविण्यात आले.

गुणोत्तर बदलणारी पेटी विमानात बसविणे अशक्य नाही. पण तिचे वजन प्रत्येक उड्डाणात वाहावे लागते आणि ती बिघडल्यास गाडीप्रमाणे कडेला थांबता येत नाही. हेलिकॉप्टरला कायम गुणोत्तराची मोठी पेटी टाळता येत नाही व तेथे हा धोका प्रत्यक्ष दिसतो. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेतील टुरॉय बेटाजवळ ईसी २२५ हेलिकॉप्टरच्या मुख्य पेटीतील एक दंतचक्र धातूच्या शिणवट्याने तडकले, माथ्यावरील फिरता पंखा सुटून गेला आणि आतील सर्व १३ जण मृत्यू पावले. झिजेचे धातुकण टिपणाऱ्या साधनाने या तड्याची पूर्वसूचना दिलेली नव्हती.