उत्तर कोरिया: एकाकीपण जन्मजात नव्हते

कोरियाचे दोन तुकडे १९५०च्या युद्धाने केले, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. तुकडे त्याआधीच पडले होते. ऑगस्ट १९४५मध्ये जपान शरण येण्याच्या बेतात होता आणि सोव्हिएत फौजा कोरियात शिरल्या होत्या. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी रातोरात नकाशा पुढे ओढून ३८व्या अक्षांशाची रेघ सुचवली. सेऊल आपल्याकडे राहावे, हा हिशेब. स्टालिनने हरकत घेतली नाही. १९१०पासून जपानची गुलामी सोसलेल्या कोरियन माणसाला मात्र कुणी विचारलेसुद्धा नाही. जर्मनीची फाळणी झाली ती निदान युद्ध पुकारणाऱ्या देशाची. इथे शिक्षा झाली ती पीडिताला.

उत्तर कोरियाचा पहिला सर्वेसर्वा किम इल-सुंग याच्याविषयी तर दोन टोकांचे समज आहेत. प्योंगयांगच्या अधिकृत इतिहासात तो देशाचा मुक्तिदाता आहे, आणि त्याचे विरोधक त्याला तोतया ठरवत आले. दोन्ही खरे नाही. मांचुरियात तो जपानविरुद्ध खरोखर लढला. १९३७चा पोचोन्बोचा छापा त्याच्याच नावावर आहे. पण १९४०मध्ये तो सोव्हिएत हद्दीत गेला, लाल सेनेत कॅप्टन झाला आणि वोन्सान बंदरात उतरला तो सप्टेंबर १९४५मध्ये, जपान शरण आल्यानंतर. प्योंगयांगमध्ये तेव्हा खरा मान होता चो मान-सिक यांना. गांधीजींचा मार्ग मानणारे हे ख्रिस्ती नेते परकीय विश्वस्तांची राजवट मान्य करेनात, म्हणून सोव्हिएतांनी जानेवारी १९४६मध्ये त्यांना स्थानबद्ध केले.

तरीही हे राज्य नुसत्या संगिनीवर उभे राहिले, असे म्हणणे अपुरे आहे. मार्च १९४६मध्ये जमीनदारांच्या जमिनी काढून कसणाऱ्यांना फुकट वाटल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या खंड भरणाऱ्या कुळाला त्याचे मोल काय वाटले असेल, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको.

१९४८मध्ये संयुक्त राष्ट्रांचा आयोग निवडणुका घ्यायला आला. त्याचे अध्यक्ष होते भारताचे के. पी. एस. मेनन. सोव्हिएतांनी आयोगाला उत्तरेत येऊ दिले नाही, मतदान दक्षिणेपुरतेच झाले. १५ ऑगस्टला दक्षिणेचे आणि ९ सप्टेंबरला उत्तरेचे राज्य जाहीर झाले.

उत्तर कोरिया पहिल्या दिवसापासून कडीकुलपात होता, हा सर्वांत मोठा गैरसमज. १९५०च्या युद्धाला १९५३मध्ये विराम मिळाल्यानंतर, त्यात बेचिराख झालेले हामहुंग शहर पूर्व जर्मनीच्या अभियंत्यांच्या मदतीने पुन्हा उभे राहिले. मॉस्को आणि बीजिंगकडून पैसा, यंत्रे, माणसे येत होती. वळण आले १९५६मध्ये. सोव्हिएत आणि चिनी गोटाशी जवळीक असलेल्या पक्षनेत्यांनी किमच्या व्यक्तिपूजेवर टीका केली. त्यांना वाचवायला मॉस्कोहून सोव्हिएत नेते मिकोयान आणि बीजिंगहून चिनी सेनानी फंग तहुआई प्योंगयांगला धावून आले. किमने तेवढ्यापुरती माघार घेतली आणि पुढच्या काही वर्षांत विरोधकांचा काटा काढला. युद्धात उत्तरेच्या मदतीला आलेले चिनी सैन्यही १९५८मध्ये परतले. आता त्याला जाब विचारणारे ना आत कुणी उरले, ना बाहेर.

‘जुछे’ म्हणजे स्वावलंबन, ही घोषणा याच काळात रुजली. प्रत्यक्षात शेती आणि कारखाने मित्रदेशांच्या स्वस्त तेलावर चालत होते. १९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेल आटले, खतांचे कारखाने थंडावले. त्यात पुरांची भर पडली आणि त्या दशकातल्या दुष्काळात लाखो माणसे उपासमारीने मेली.